हळदीचं बोट

विश्रामबागेत झेरॉक्सच्या वरती मुजावरांचं दुकान.
जुने लॅपटॉप मांडणीतल्या ताटांसारखे उभे.
भिशीचे नऊ हजार चोरकप्प्यात,
आणि वरचे आठशे, अगदीच अडलं तर.

"बॅटरी?"
"चाळीस मिनिटं, ताई. खोटं कशाला बोलू?"
आमच्या कुपवाडात लाईट जाते
ती दोन तास.

मग त्यांनी सगळ्यात धाकटा काढला,
दोनशे पानी वहीएवढा.
एन आणि आर साफ पुसलेले.
कुणी, काय लिहिलं असेल एवढं?
पडद्याच्या कडेला पिवळं बोट उमटलेलं:
यार्डातल्या हळदीच्या पेढीवरचा दिसतोय.

"पुसून देतो."
"राहू दे. त्याचे दोनशे कमी करा."
हसले. शंभर केले.

रिक्षा वाचवून चालत निघाले.
पिशवीत मेथीच्या जुडीखाली तो,
अजून कोमट.