रिकामा चौकोन

पुण्याच्या भाचीने सांगितलं, मावशी, फोनवरच कर,
तयार साचे मिळतात. उघडले:
कमळं, सोनेरी वेलबुट्टी, कोपऱ्यात लाजणारी नवरी.
मला मेतकूट विकायचं होतं.

मग वर्ड. फोटो जरा डावीकडे ढकलला
तर भाजणी दुसऱ्या पानावर गेली
आणि फोन नंबर कुठे गेला ते अजून सापडलेलं नाही.

खजुरी बाजारातल्या प्रेसमध्ये लोकेंद्र म्हणाला,
"आंटी, जिसमें बनाना हो बनाओ,
लाना कोरल तेरह में."
नवीन का नाही?
त्याने पिवळट पडलेल्या कंप्यूटरवर थाप मारली.
"ये बुढ़ऊ उसी को पहचानता है."

शेजारच्या ईशानच्या लॅपटॉपवर, रामबागेत,
एकसष्टाव्या वर्षी
एक हात माउसवर, एक पिठात.
व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो चालत नाही,
वाटेत तो अर्धं अंग गाळून येतो.
हळद पडद्यावर उजेडाची असते, कागदावर शाईची;
चार शायांत बसवली की आजारी दिसते,
तेव्हा निळा पार शून्यावर आणायचा.
आणि कडेने तीन मिलिमीटर जास्तीचा रंग,
कापला जाणार हे ठाऊक असून भरायचा,
नाहीतर पांढरी रेघ उघडी पडते.
इथे मी लॅपटॉप मिटून
थोडा वेळ डबे पुसत बसले.

अडलं ते फॉन्टपाशी.
लोकेंद्रचा लाडका, गुबगुबीत, हिंदी मथळ्यांसाठी केलेला.
कु□ीथ पीठ.
डा□ीचं पीठ.
खाली माझं नाव: मु□्ये.

"ल लगा दूँ? सब समझ जाएँगे."

समजतातच.
रेशनकार्डावर मी मूले,
गॅसच्या वहीत मुलये,
बँकेत एकदा नुसतंच मुले,
जणू दोन-तीन जण रांगेत उभे होते.
अडतीस वर्षांत कुणाला टोकलं नाही.
पण हा कागद मी पैसे मोजून छापत होते.

"ल नहीं," म्हटलं. "ळ."

त्याने कोरा कागद सरकवला, स्केचपेन दिलं.
तीन ळ शाळेतल्यासारखे आले, बाई मागे उभ्या असल्यागत.
चौथा किराण्याच्या यादीतला,
एक पोट मोठं, एक लहान.
"ये वाला," लोकेंद्र म्हणाला.
स्कॅन केला, कडा घासल्या, थोडा जाड केला
आणि अकरा चौकोनांत अकरा वेळा बसवला.

मग सगळं निवडून कर्व्ह करण्याआधी थांबला.
"इसके बाद ये अक्षर नहीं रहेंगे, सिर्फ़ आकार.
गलती हो तो अभी बोलो, भिया."
मला भिया म्हणाला. मी वाचलं, पुन्हा वाचलं,
मान हलवली.

दोन हजार प्रती पेपरात घालून वाटल्या.
थालीपीठातली पी ऱ्हस्व राहिलीये, दोन हजार ठिकाणी.
ते मला त्या सकाळी चहा पिताना दिसलं.

साडेनऊला पहिला फोन, पलासियाहून, कुणी बाई.
"आपके पर्चे में वो जलेबी जैसा क्या है? कु के बाद?"
ळ, म्हटलं.
तिने दोनदा म्हणून पाहिलं, जमलं नाही,
हसली.
अर्धा किलो मागवलं.