तिसऱ्या ठाण्याचं पाणी

मिनाईच्या सामुद्रधुनीत ओहोटी लागायच्या आत
इद्वल बोट थांबवतो.
दहा मिनिटं, म्हणतो. वर एक नाही.

बाटली खाली जाते, काळं पाणी घेऊन येते.
त्यात ग्लायसीन, सेरीन, ॲलनीन –
तलावभर पाण्यात दोन चमचे साखर घालावी, तेवढं.
कुठून येतं, एवढंच शोधायचं.

शेवाळ मरताना सांडतं.
त्याला खाणारे अर्धंअधिक उष्टं टाकतात.
नदी मेंढ्यांची कुरणं धुऊन आणते.
आणि जिवाणू, कढई खरवडणाऱ्या धाकट्या पोरासारखे,
रात्र व्हायच्या आत सगळं चाटूनपुसून ठेवतात.

बुधवारी आलेखात तिसऱ्या ठाण्यावर
सेरीनचा सुळका, कागदाबाहेर जाणारा.
रात्रभर कारणं लिहीत बसले:
शिंपल्यांची शेती? बँगरचं सांडपाणी? ढवळलेला गाळ?

सकाळी लोवरीनं आलेख पाहिला, मग माझे हात.
"हातमोजा काढला होतास?"

काढला होता. झाकण अडकलेलं, बोटं बधिर.
बोटांच्या घामात सेरीन फार.
तो सुळका म्हणजे माझा उजवा अंगठा.

नमुना बाद.
‘उगम’ या रकान्यात वरपासून खालपर्यंत प्रश्नचिन्हं,
एकाच ओळीत खात्रीचं उत्तर सापडलं होतं,
नेमकी तीच खोडायची होती.

उरलेलं पाणी धक्क्यावरून परत ओतलं.
इद्वल दोर गुंडाळत होता. म्हणाला,
भरती आठला.
तोवर मला कुणीतरी खाऊन संपवलेलं असणार.