येवल्याहून परत

जाताना वारा पाठीशी होता.
लोणारपर्यंत चार दिवस
आम्ही एकमेकांच्या पायांचं कौतुक केलं.
ओजस म्हणाला, काका, साठीत तिशीची चाल काढलीत!
मीही मान डोलावली.
वारा काही बोलला नाही.

परतीला येवला सोडलं
आणि तो समोरून आला,
मृगाच्या तोंडावरचा, पश्चिमेचा,
हिशेब घेऊनच.
अकरा सायकली. नाशिक पंच्याऐंशी किलोमीटर.
चढ परवडला, चढाला माथा असतो.
इथं रस्ता ताटासारखा सपाट
आणि सायकल अशी जड
की दोनदा उतरून पाहिलं, ब्रेक घासतोय का.
नव्हता घासत.

गायधनी सरांनी शिट्टी मारली. रांग धरा.
चाकामागे चाक, हातभर अंतर.
पुढच्यानं वारा फोडायचा,
दोन किलोमीटर झाले की कोपर हलवायचं
आणि बाजूला होऊन शेपटाला जायचं.
"मागच्याला आडोसा, एवढंच,"
सर म्हणाले, प्रमेय सांगावं तसं.

मी प्रेसमध्ये चौतीस वर्षं नोटा मोजल्या.
शंभराची गड्डी, दहा गड्ड्यांचं बंडल.
नजर इकडं तिकडं जात नाही माझी.
समोर डॉक्टर क्षेमकल्याणींचं मागचं चाक,
त्याच्या मडगार्डवर चिखलाचा एक ठिपका.
मी त्या ठिपक्याकडं बघत पायडल मोजतो.
शंभर झाले, एक गड्डी.
अजून एक गड्डी.

ओजस वैतागला.
अशानं रात्र होईल, म्हणाला, आणि सुटला एकटाच.
गंमत अशी, की तासभर
त्याचा लाल शर्ट तेवढाच लांब दिसत राहिला.
मग कधीतरी तो शेपटाला होता.
कुणी काही विचारलं नाही.
तरन्नुमनं गूळ-शेंगदाण्यांची पुडी
न बघताच मागं केली.

विंचूरला पाण्यासाठी थांबलो.
शेजारी कांद्याची चाळ, आगगाडीएवढी लांब,
दारात चार बायका माल निवडत बसलेल्या.
मी वाऱ्याला शिवी दिली. बारीकशी.
त्यातली एक मान वर न करता म्हणाली,
"नावं नका ठेवू भाऊ.
हा चाळीतून फिरतो म्हणून कांदा टिकतो.
चार दिस पडला ना, खालून वास सुटतो."
सालपटं उडत आली,
माझ्या हेल्मेटच्या फटीत दोन अडकली,
घरी पोचेपर्यंत तिथंच होती.

नैताळ्यानंतर माझी पाळी.
पुढं बघायला चाक नाही, ठिपका नाही.
डोळे कोरडे, कान भरलेले,
आकडा तोंडात आला की उडून जातो.
सत्तर... एकाहत्तर... पुन्हा सत्तर.
चौतीस वर्षांत पहिल्यांदा मोजणी चुकली
आणि कुणी रजिस्टर मागितलं नाही.
मागं फक्त साखळ्यांची कुजबुज.
दिसत कुणीच नाही, पण कळतं
की माझ्या पाठीएवढ्या जागेत
कुणीतरी थोडं कमी दमतंय.
माझी पाठ!
घरात जिला आजवर नुसता बाम लागला.

कोपर हलवायचं राहूनच गेलं.
सर शेजारी येऊन ओरडले,
अहो, चार किलोमीटर झाले, पुरे.
त्यांचा राग खरा होता.
एक जण जास्त ओढतो
तेव्हा पुढच्या गावी सगळ्यांनाच थांबावं लागतं.
तसं चांदोरीला थांबावं लागलं. माझ्यासाठी.
पोटऱ्यांत गोळे आले होते.
गोदावरीच्या पुलावर वारा आडवा झाला
तशी रांगही तिरकी झाली,
आपोआप, कुणी न सांगता.

जेल रोडला साडेआठ वाजले.
सायकल जिन्याखाली लावली.
निर्मळा म्हणाली, पंखा लावू?
नको म्हटलं.
ती हसली, मग मीही.

सकाळी चहा देताना ती म्हणाली,
रात्री दोनदा तुमचं कोपर लागलं मला.
मग?
मग काय, उठले
आणि खिडकीच्या बाजूला जाऊन झोपले.