चौकशीचं टेबल

पहिल्या दिवशी हेझल स्टॅमरनं मला
किल्ल्या दिल्या नाहीत, खुर्ची दिली.
म्हणाली, ही दाराकडे तोंड करून ठेवायची.
आपली पाठ दिसली की माणूस परत फिरतो,
आणि ग्रिम्सबीत परत फिरायला
वारा मदतच करतो.

मी नागपूरची पदवी घेऊन आलेली,
वर्गीकरणाचे आकडे दशांशासकट तोंडपाठ.
तिनं ते ऐकून घेतले,
पाहुण्यांच्या पोराचं गाणं ऐकून घ्यावं तसे.
छान, म्हणाली.
आता टॉयलेट कुठंय ते पाठ कर.
दिवसातून चाळीसदा तेच विचारतील,
आणि चाळिसाव्याला
पहिल्यासारखंच सांगायचं.

तिचे नियम कुठं लिहिलेले नव्हते.
रेडिएटरजवळची खुर्ची झोपणाऱ्याची.
घोरला तरच उठवायचं.
उशिरा आलेलं पुस्तक हसून घ्यायचं;
दंड केव्हाच बंद झाला,
कपाळावरची आठीही बंद.
अकरा वर्षं कुणी नेलं नाही ते पुस्तक काढून टाकायचं,
पण त्याआधी एक रात्र आपण घरी न्यायचं.
मी नेलं होतं एक, दोरखंडाच्या गाठींवरचं.
सोमवारी गुपचूप परत फळीवर ठेवलं.
हेझलनं पाहिलं
आणि चहाचं पाणी चढवायला गेली.

एकच गोष्ट तिनं दोनदा सांगितली:
पहिला प्रश्न खरा नसतो.
उंबऱ्याशी चपला काढतात ना, तेवढाच असतो तो.
आपण थांबायचं.

नोव्हेंबरात एक म्हातारा आला.
टोपी हातात, बोटं मासळीच्या बर्फानं कायमची वाकलेली.
हवामानाची पुस्तकं कुठं?
मी बसल्या जागेवरून बोट दाखवलं:
पाचशे एक्कावन्न, डावीकडून तिसरी रांग.
तो ढगांची रंगीत चित्रं उलटत राहिला
परक्याच्या लग्नाचा अल्बम बघावा तसा.

तेव्हा मी उठले.
जवळ जाऊन विचारलं, कुठलं हवामान?

एका रात्रीचं, तो म्हणाला.
साल सांगितलं. फेब्रुवारी.
आइसलँडच्या वरचं पाणी.
मग बराच वेळ खिडकीतून
पार्किंगमधल्या गाड्या मोजत असल्यासारखा उभा राहिला.
भाऊ होता त्या बोटीवर, म्हणाला.
जागा माझी होती.

जुन्या वर्तमानपत्रांची रिळं आम्ही दोघांनी फिरवली.
यंत्र कण्हत होतं, गावातले मेलेले लोक
लग्नं करत, दुकानं उघडत वर सरकत होते.
नेमके ते तीन दिवस काळे. फिल्म जळालेली.
'नाही' हे अर्धंच वाक्य असतं, हेझल म्हणायची,
उरलेलं अर्धं आपण शोधायचं.
एक्सेटरला जुन्या वाऱ्यांच्या नोंदी ठेवतात,
तिथं पत्र लिहिलं.
उत्तरासाठी त्यानं पत्ता आमचाच दिला.
घरी कुणी उघडायला नको, म्हणाला.

पाकीट आलं तेविसाव्या दिवशी.
रेडिएटरजवळची खुर्ची रिकामी होती.
तो बसला. एकदा वाचलं.
कागदाची घडी घातली, उलगडली,
पुन्हा पहिल्याच घडीवर घातली.
मग टेबलाशी येऊन त्यानं विचारलं,
टॉयलेट कुठंय?

आठवड्यातून तीनदा येणारा माणूस.
मी सांगितलं. सरळ जा, उजवीकडे निळं दार.
पहिल्यासारखंच सांगितलं.
आतून नळाचा आवाज खूप वेळ येत राहिला.

त्या कागदावर काय होतं, मला ठाऊक नाही.
असतं तरी इथं लिहिलं नसतं.
त्याचं नाव मी सांगितलेलं नाही, बघा.
बंदराचं सांगितलं तेच जास्त झालं.

संध्याकाळी तक्ता भरायचा असतो:
आज किती चौकशा आल्या.
मी दोन रेघा मारल्या.
एक हवामानाची,
एक टॉयलेटची.
हेझलनं बेरीज तपासली, सही केली,
आणि दिवे मालवायला
मला पुढं पाठवलं.