पासंग

भद्रकालीतल्या दुकानात वडील तराजू टांगायचे
आणि आधी बघायचे रिकामी पारडी.
एखादं झुकलं तर दुसऱ्या टोकाला
तारेचा वेढा, लाखेचा थेंब, कधी नुसता चिंचोका.
म्हणायचे, आधी पासंग, मग धंदा.

मी सातपूरच्या लॅबमध्ये
प्रेशर गेजांना खरं बोलायला लावते.
आणि किती खरं, तेही लिहून देते,
अधिक-उणेच्या चिन्हापुढे, सहीशिक्क्यानिशी.

तेजल बोरस्ते बेझे फाट्याच्या खड्ड्यात पडली,
उजव्या खांद्याचं हाड गेलं.
तेव्हापासून गंगापूर रोडला, चौथ्या मजल्यावर, बाल्कनीत,
मागचं चाक काढलेली सायकल ट्रेनरवर,
टेबलफॅन, घामाने कडक झालेली सतरंजी.
पडद्यावर कुठल्यातरी परक्या देशाचा घाट
आणि ग्रिलच्या पलीकडे चामरलेणीचा डोंगर,
बिनआकड्याचा.

दर रविवारी तिचा फोन.
ऑक्टोबरात दोनशे पाच वॅट.
मग दोनशे अकरा.
डिसेंबर लागला आणि दोनशे एकोणीस, सलग वीस मिनिटं!
खांदा दुखला नाही, हे आकड्यानंतर, घाईत.

मी माझी पेडलं नेली, ताकद मोजणारी,
तिच्या सायकलला लावली.
तेच पाय, तेच मिनिट.
ट्रेनर म्हणतो दोनशे एकोणीस,
पेडल म्हणतं एकशे सत्त्याण्णव.
"तुझी पेडलं कंजूष आहेत."
अगं, पायापासून मागे पोचेपर्यंत
चार-पाच वॅट चेनीत सांडायलाच हवेत.
हा तर दिलं त्याहून जास्त परत करतोय.
असा दुकानदार भद्रकालीत एकही नव्हता.

तिला पटेना.
म्हणून लॅबमधलं दहा किलोचं वजन,
रजिस्टरात न लिहिता, ओढणीत गुंडाळून,
स्कूटरच्या पायाशी ठेवून आणलं.
क्रँक आडवा. लेव्हलचा बुडबुडा मधोमध.
वजन टांगलं.
एकशे सत्तर मिलिमीटर, दहा किलो, बाकी पृथ्वीचं काम.
सोळा पूर्णांक सहा यायला हवं होतं.
ते झुलायचं थांबेपर्यंत दोघी गप्प.
सोळा पूर्णांक सहा.

"म्हणजे नऊ आठवडे मी बसल्या जागी फुगत होते?"

नाही गं.
रोज तेवढंच झुकणारं पारडं चोर नसतं, नुसतं वाकडं असतं.
दोनशे पाच खोटं, दोनशे एकोणीस खोटं,
मधले चौदा तुझे.
बरं, चौदा नाही, साडेबारा.
साडेबारा तुझे.

तिने फॅन बंद केला. चहा टाकते म्हणाली.

एक गोष्ट मी बोलले नाही.
ऑक्टोबरात या बाल्कनीत तेहतीस अंश असतात,
आज सकाळी नऊ होते.
लोखंड आक्रसतं, पासंग जागेवर बसून राहत नाही,
आणि तिने ट्रेनर एकदाही मोकळा फिरवून
शून्यावर आणलेला नाही.
त्या साडेबारातले किती तिचे आणि किती थंडीचे
हे प्रमाणपत्र असतं तर मला लिहावं लागलं असतं.
मापात पाप, वडील म्हणाले असते,
किंवा नसते म्हणाले. गिऱ्हाईक बघून बोलायचे तेही.

साखरेचा डबा वरच्या फळीवर होता.
तिने तो काढला, उजव्या हाताने,
बोलता बोलता.

वजनावर तिच्या बोटाचा ठसा उमटलाय.
पुसून ठेवायला हवं,
सकाळी आठच्या आत.