तिथीचा रकाना

पद्माकर नाखवांचा फोन आला तेव्हा
मी घणसोलीत, पाचव्या मजल्यावर,
माझ्या 'वही'ची नवी आवृत्ती सोडून
नुकती आंघोळ झाल्यासारखा हलका बसलो होतो.

"मास्तर," ते म्हणाले. मी मास्तर नाही.
"तुझी वही उघडत नाय.
म्हनते, आधी एकशे बारा वस्तू आना.
मना फक्त बेरीज पायजे व्हती."

एकशे बारा.
मी मोजल्या नव्हत्या.
मी एकच घेतली होती, तारखांची लायब्ररी,
कारण लीप वर्ष, कारण महिन्यांचे दिवस,
कारण नोकरीवरून येऊन रात्री अकराला
फेब्रुवारीशी भांडायचा कंटाळा आला होता.
तिने तिची माणसं आणली,
त्यांनी त्यांची.
साखरपुड्याला एकीला बोलावलं
आणि दारात वऱ्हाड उतरलं.

मी म्हणालो ते, जे आम्ही सगळेच म्हणतो:
मुक्त आहे, काका. फुकट आहे.
आतलं सगळं उघडं आहे, कुणीही बदलावं.
फोनवर थोडा वेळ नुसता खाडीचा वारा.
मग म्हणाले,
"हीर उघडीच हाय रे.
पोहरा कुनाकडं हाय?"

रविवारी दिवाळ्याला गेलो,
जिथे बेलापूरच्या काचा संपतात
आणि वाळत घातलेला जवळा सुरू होतो.
सोसायटीच्या खोलीत बर्फाची बिलं,
डिझेलच्या पावत्या, शिशाच्या गोळ्यांचा डबा,
आणि जुन्या साडीच्या खोळीखाली
पंधरा वर्षांचा संगणक.
त्यांनी मागची आवृत्ती परत बसवली होती
एका पेनड्राइव्हवरून,
जो देव्हाऱ्यात असतो, एकवीरेच्या फोटोमागे.

"नवीन चांगली असंल,
पन हिच्यात तिथी हाय."

होती खरी.
सात वर्षांपूर्वी त्यांच्याचसाठी लिहिलेल्या
चाळीस ओबडधोबड ओळी:
अष्टमीला भांग, पुनवेला उधाण,
कुठल्या पाण्याला काय लागलं जाळ्याला
याचा एक रकाना.
त्या मोठ्या लायब्ररीला
जगातल्या सगळ्या घड्याळांची वेळ ठाऊक,
भांग ठाऊक नाही.
मग मीच तो काढला.
शेजारी टीप लिहिली: अनावश्यक.
कुणाला, ते लिहिलं नाही.

राग आला मला, खोटं कशाला बोलू.
पगार नाही, रजा नाही,
तक्रारी रोजच्या, आभार वर्षातून दीड.
माझ्या रात्रीवर तरी माझा हक्क असावा की नाही?
"हाय ना," म्हणाले. "रात तुझी.
वही माझी."
आणि बशीतला चहा पुढे सरकवला.

मग धक्क्यावर. ओहोटी.
खाली चिखल, वर एकीला एक बांधलेल्या होड्या,
त्यांची सहावी.
पाच जणांच्या होड्यांवरून चालत जायचं.
"इचारल्याबिगर कुनाचा दोर सोडायचा नाय,"
एवढं सांगून त्यांनी चपला हातात घेतल्या.
मीही घेतल्या.

तिसऱ्या होडीत कुणी झोपलं होतं,
तोंडावर टॉवेल.
त्याच्या पायांना वळसा घालून हळू गेलो.
आणि तो तारखांवाला आठवला मला.
कुठल्या गावचा, जागा आहे की झोपलाय,
माहीत नाही.
त्याच्या अंगावरून
मी रोज बूट घालून जातो.

घरी येऊन चाळीस ओळी परत घातल्या.
लायब्ररी टाकली नाही, बाजूला बसवली:
हवी त्याने घ्यावी,
नको त्याचीही वही उघडेल.
म्हणजे आता दोन्ही सांभाळायचं,
आणि मलाच.

काकांनी अजून नवी घेतलेली नाही.
परवा विचारलं तर म्हणाले,
"बघू.
भांग सरू दे."