मागची सीट

ब्लाउजचं माप घ्यायची टेप पर्समध्ये टाकूनच निघाले भांडुपहून.
हरेश्वर म्हणाले, गाडी काय अंगावर घालायचीये?
म्हटलं, घालायचीच आहे.
आणि काखेत दाटली तर उसवून देत नाहीत हे लोक.

मुलुंडला, एलबीएस रोडवर, जुन्या गाड्यांचं आवार.
इम्तियाज नावाचा पोरगा, शर्ट खोचलेला, बूट धुळीचे,
आधी राखाडी सेडानकडे नेतो.
दार उघडताच रेक्झिनचा वास,
त्याखाली कुणाच्या तरी घरची अगरबत्ती.
आधी डोकं आत, मग बाकीची मी.
बसते म्हणजे उतरतच जाते, कापसाच्या ढिगात उतरावं तशी.
छान आहे. खोटं कशाला बोलू,
दिवसभर मशीनवर वाकलेल्या पाठीला फारच छान.
टेप लावते. गुडघ्यापासून पुढच्या सीटपर्यंत सहा इंच, माझे.
ह्यांचे धरले तर दोन.
डोक्यावर चार बोटं, अंबाडा घातला तर तीन.
मधोमध जमिनीला उंचवटा,
तिसऱ्याने पाय कुठे ठेवायचे
याचा विचार तिसऱ्यानेच करायचा.
बाहेर येताना चौकट धरून, आई गं म्हणत.

मग पांढरी मिनीव्हॅन.
दार सरकतं, दुकानाच्या शटरसारखं, पण आडवं.
एक पायरी चढायची आणि ताठ बसायचं,
शाळेच्या बाकावर बसतात तसं.
फोम पातळ. खालची पट्टी लागते.
पण गुडघ्यापुढे सोळा इंच!
टेप दोनदा लावली.
एवढ्यात माझं शिलाई मशीन मावेल, वर गिऱ्हाईकही उभं राहील.
त्यामागे अजून एक रांग आहे.
आठ जण आरामात, मॅडम, म्हणतो इम्तियाज.
त्याला म्हटलं, हे वाक्य जरा त्या रांगेत बसून म्हण.

हरेश्वर बाहेरच. टायर दाबतायत, बॉनेटला कान लावतायत.
तुम्ही बसा ना मागे.
मला काय करायचंय मागे?

एकोणतीस वर्षं टूरिस्ट परमिट.
विमानतळ, नरिमन पॉइंट, शिर्डी, परत विमानतळ.
मागच्या सीटचं त्यांना सगळं माहीत:
कोण कितव्या मिनिटाला घोरायचं,
पेडर रोडला कोण तोंड फिरवून रडलं,
कलानगरच्या सिग्नलला फोनवर कुणाचा साखरपुडा मोडला.
सगळं त्या चार बोटांच्या आरशातून.
तिथे बसल्यावर कसं वाटतं, ते मात्र नाही.
पुसताना हात लागला असेल तेवढाच.

आता डावा गुडघा स्टीलचा. क्लच बंद.
गाडी भाचा चालवणार, निनाद.

सेडानमध्ये बसले खरे, पण हात कुठे ठेवावेत कळेना.
मांडीवर ठेवले. मग पुढच्या सीटची पाठ धरली,
दोन्ही हातांनी, स्टिअरिंग धरावं तशी.
चेकनाक्याजवळ रिक्षा आडवी आली
आणि ह्यांच्या उजव्या पायाने रिकाम्या चटईवर
कचकन ब्रेक दाबला.
गाडी थांबली. निनादने थांबवली होती.
बरोबर, म्हणाले. कुणाला, कोण जाणे.

व्हॅनमध्ये आधी पाय लांब केला.
हळूच, परवानगी मागितल्यासारखा.
अख्खा सरळ झाला तो, ऑपरेशननंतर गाडीत पहिल्यांदाच.
मग खिडकीबाहेर बघत राहिले.
ही इमारत कधी झाली?
मामा, मी शाळेत होतो तेव्हापासून आहे.
इथे एवढी झाडं?
मी काही बोलले नाही.
ह्याच रस्त्याने किती वेळा गेलेला माणूस,
बाजूला बघायचे पैसे मिळत नव्हते त्याला.

आमच्या सोसायटीत दोन खांबांमधली जागा मोजायची राहिलीये.
व्हॅन तिथे अडणार, मला दिसतंय.
हप्ताही पाचशेने जास्त.
इम्तियाज दोनदा फोन करून विचारतोय, कुठपर्यंत आलात, मॅडम?

परतताना ती पट्टी लागत असूनही
तोंड उघडं टाकून झोपले हे.
निनाद आरशात बघून हसला.
म्हटलं, समोर बघ.